हौशा उडाल्याशिवाय

९ जुलै

राजेश्री म्हणते, तुम्ही हल्ली भिंतीशी बोलायला लागलात, त्यापेक्षा वहीशी बोला. म्हणून ही वही. मी भिंतीशी बोलत नाही. समोरच्याला तोंडावर सुनवाव्यात अशा गोष्टी मी सभ्यपणामुळे गिळतो आणि त्या घरी आल्यावर बाहेर पडतात, इतकंच. बायको आहे म्हणून तिला ऐकू येतं.

आजचं निमित्त म्हणजे पेपरातला फोटो. 'पुरात अडकलेल्यांसाठी ड्रोनचं जाळं', आतलं पान, वरचा कोपरा. फोटोत सुकेशनी मॅडम हातात ड्रोन धरून हसतायत. त्यांच्या खांद्यामागे एक कान आणि अर्धा चष्मा दिसतो, तो मी. विभागप्रमुख मी, प्रकल्पप्रमुख मी, आणि छापून आला माझा कान. मॅडम बंगळुरूची नोकरी सोडून आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा परभणीत त्यांना भाड्याची खोली कोणी देईना. का देईना ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. ती खोली मी माझ्या शब्दावर मिळवून दिली. हे मी कधी बोलून दाखवत नाही. आम्ही कधी असलं काही पाळलं नाही.

प्रकल्प साधा आहे. पूर आला की आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर मरतो, आणि नदीकाठच्या शेतांतले आखाडे एकटे पडतात. गडीमाणसं आणि जनावरं त्या आखाड्यांवरच राहतात. अशा वेळी कान्हेटाकळीच्या शाळेच्या गच्चीवरून आमचे सहा ड्रोन उठणार, प्रत्येक आखाड्यावर जाऊन भोंग्यातून सांगणार की पाणी येतंय, अमुक वाटेनं निघा. तिथल्या लोकांचा निरोप एकमेकांच्या हातून शाळेपर्यंत आणणार. शाळाही तुटली तर वर उपग्रह आहेच. चपलांच्या खोक्याएवढा, पाच-सहा कॉलेजांनी मिळून केलेला. तो डोक्यावरून जाताना निरोप उचलतो आणि आमच्या कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या थाळीत आणून टाकतो. इतकी सगळी व्यवस्था, आणि फोटोत माझा कान.

२४ जुलै

आज मॅडमना घेऊन दत्तरावमामाच्या आखाड्यावर गेलो होतो. दत्तराव म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, दोनदा सरपंच झालेले, आमच्या कॉलेजच्या मंडळावर आहेत. कान्हेटाकळीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांचा आखाडा गावापासून लांब, ओढ्यापलीकडे. गोदावरी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत न उतरता उलटं फिरतं आणि आखाड्याला वेढा पडतो. तिथं त्यांचा सालगडी लिंबाजी आणि त्याची बायको तानुबाई राहतात.

तानुबाईनं गुळाचा चहा दिला. मी विचारलं, पाणी वाढलं की तुम्ही काय करता? ती म्हणाली, "मला भ्या वाटलं की मी उठते. ह्यांला शिव्या देते, बैलं सोडते अन् गावात जाते." लिंबाजी हसून म्हणाला, हिला वर्षात चार डाव भ्या वाटतंय, त्यातले तीन डाव उगीच.

मलाही हसू आलं. मग मी त्यांना नीट बसवून समजावलं. पांदणीची वाट कुठं बुडाली ते जमिनीवरून दिसत नाही, आंधळ्यासारखं निघालात तर पाण्यातच जाल. वरून सगळं दिसतं. ड्रोनला ते इमान म्हणतात, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं: इमान येईल, वाट सांगेल, तीच वाट धरायची. ते येईस्तोवर जागचं हलायचं नाही. तानुबाईकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिनं शाळेतल्या पोरीसारखं हात बांधून म्हणून दाखवलं.

परत येताना मॅडम म्हणाल्या की, 'हलायचं नाही' असं नको होतं सांगायला, नाहीच आलं तर? मी म्हटलं, नाहीच येणार असेल तर आपण बनवतोय कशाला? त्यावर त्या मागं वळून ओढ्याकडं बघायला लागल्या. मुद्दा पटला असावा.

१२ ऑगस्ट

चाचणी झाली. उत्तम झाली. शाळेच्या गच्चीवर सहाही मांडले. प्रियांकानं बटण दाबलं आणि सगळे आपापल्या दिशेनं गेले. प्रियांका ही गावच्या बचत गटातली, फवारणीचे ड्रोन चालवायचं शिकलेली. तिला आम्ही जाळ्याचं बटण सांभाळायला घेतलंय. हात स्थिर आहे तिचा. मी मुद्दाम मधूनच दोन ड्रोन बंद पाडले. बाकीच्या चौघांनी त्या दोघांचे आखाडे आपसांत वाटून घेतले, एक निरोप सांडला नाही.

मॅडमचा नियम असा की, जाळ्यात मोठा कोणी नाही. शेजारी बोलतोय तोवर त्याचं ऐकायचं, तो गप्प झाला तर दुसरा शेजारी शोधायचा, कोणीच नसेल तर आपलं काम आपण करायचं. कोणी कोणाची वाट पाहायची नाही. कल्पना त्यांची, हे मी नाकारत नाही. पण कल्पना चहा पिताना कुणालाही सुचते. ती उभी करायला माणसं, परवानग्या आणि मामा लागतात.

मामांनी सगळं शांतपणे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ते समदं झालं. ह्यातला मानाचा कोन्ता?"

मॅडम म्हणाल्या, मानाचा कोणीच नाही, सगळे सारखे. मामा हसले. गावात पोळ्याला त्यांचा हौशा बैल पहिला तोरणाखालून जातो, तो गेला की पोळा फुटला, मग बाकीच्यांनी निघायचं. आजोबांच्या काळापासून ही रीत आहे. यंदा पोळ्याला तालुक्याची मंडळी येणार, त्यांच्यासमोर एक ड्रोन हौशासारखा पुढं निघाला पाहिजे, असं मामांचं म्हणणं. त्यांनी त्याचं नावही तिथंच ठेवलं. हौशाच.

१७ ऑगस्ट

मॅडमशी वाजलं. त्या म्हणतात, कार्यक्रमापुरतं एकाला हातानं पुढं उडवा, बाकीचे मागून सोडा, पण हा मान जाळ्याच्या आत घालू नका. मी म्हटलं, हातानं उडवलं आणि भर गावात डगमगलं तर हसं कुणाचं होणार? तुमचं नाही, माझं. त्या म्हणाल्या, "सर, आत्तापर्यंत एक पडला तरी पाच चालतात. तुम्ही म्हणता तसं केलं तर एक पडला की सहा पडतात."

बोलायला ठीक आहे. पण मामा मंडळावर आहेत म्हणून प्रकल्प आहे, हे मॅडमना कोण समजावणार. त्यांनी लिहायचं नाकारलं म्हणून ड्रोनच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ मीच लिहिली. एका ओळीचं काम. हौशा उडाल्याशिवाय कोणी उडायचं नाही. यंत्राला कसला अपमान वाटतो?

२२ ऑगस्ट, पोळा

आजच्या दिवसासाठी सगळं सोसलं असं म्हणायला हरकत नाही.

वेशीत तोरण बांधलेलं. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल रांगेत. सगळ्यात पुढं मामांचा हौशा, लिंबाजी त्याचा कासरा धरून, नवीन धोतरात. हलगी कडाडत होती. वेशीच्या ओट्यावर सहा ड्रोन, पहिल्याला हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. मामांनी नारळ फोडला. बैल तोरणाखालून गेला, वर हौशा ड्रोन उठला, आणि मग मागचे पाच एका ओळीत. गावानं टाळ्या वाजवल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तानुबाई गर्दीतून पुढं आली आणि तिनं ड्रोनवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बैलावरून टाकतात तसा.

प्रियांकाचा सत्कार शाल देऊन झाला, माझा फेटा बांधून. मॅडम शाळेच्या भिंतीपाशी उभ्या होत्या, शेवटपर्यंत. त्यांना कोणी वर बोलावलं नाही. मी बोलावणार होतो, पण त्यांचा अशा पूजाबिजेवर विश्वास नसतो, उगीच अवघडल्यासारखं झालं असतं. त्यांच्याच सोयीसाठी गप्प राहिलो.

२९ ऑगस्ट

विश्वासघात हा शब्द मी सहसा वापरत नाही.

आज सहज सगळं उघडून बघितलं तर ओळ गायब. मॅडमनी काढून टाकली होती. विचारलं तर म्हणाल्या, पोळा झाला, आता काढायलाच हवी होती, तुम्हाला सांगणारच होते. सांगणारच होते! मी म्हटलं, उद्या मंडळाचे लोक येऊन बघणार, तेव्हा हौशा मागं आणि बाकीचे पुढं असं निघाले तर मामांना काय तोंड दाखवू? आणि मुळात प्रमुख कोण आहे इथं? त्या म्हणाल्या, "प्रमुख तुम्हीच आहात सर. म्हणून तर भीती वाटते."

ओळ परत टाकली. परवलीचा शब्द बदलला, तो आता फक्त माझ्याकडे. थाळीतले निरोप जिथं वाचायला मिळतात त्या थाळीच्या खोलीची त्यांच्याकडची किल्ली मागून घेतली. त्यांनी टेबलावर ठेवली, आवाजसुद्धा न करता. माझी चार शब्द ऐकायची तयारी होती, ती वाया गेली.

८ सप्टेंबर

मॅडम तासांपुरत्या येतात आणि जातात. विभागात शांतता आहे. मला ती हवीच होती, तरी दुपारचा चहा एकट्यानं प्यायला कंटाळा येतो.

प्रियांकानं फोन करून विचारलं, ड्रोन अडले तर उघडायचा शब्द मला देऊन ठेवता का. मी म्हटलं, अडले तर मला फोन करायचा. ती म्हणाली, टॉवर गेला असला तर? हल्ली प्रत्येकाला माझ्या कामात शंका. मी म्हटलं, उपग्रहावरून निरोप टाक, त्यासाठीच तो वर ठेवलाय. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सोयाबीन पिवळी पडायलीय म्हणतात.

२३ सप्टेंबर, छत्रपती संभाजीनगर

हॉटेलच्या खोलीत बसून लिहितोय. संध्याकाळ आहे. गळ्यात अजून हाराचा वास.

ग्रामीण तंत्रज्ञानाचा सत्कार, विभागातून निवडलेले चार प्रकल्प, त्यात आमचा पहिला. मामाही बरोबर आले. व्यासपीठावर मध्यभागी टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर हौशा. काल निघताना गाडीत तो ठेवला तेव्हा राजेश्री दारात उभी राहून म्हणाली, मानाचा बैल घेऊन चाललात, मग मागच्यांनी काय करायचं? मी म्हटलं, मागच्यांची पुढचे आठ दिवस काही गरज लागणार नाही. बायकोला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे.

आज आभाळ अगदी मोकळं, कितीतरी दिवसांनी ऊन. दुपारी मामांना कोणाचा तरी फोन आला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, काठाला पाणी चढणार. त्यानंतर गावात कोणाचाच फोन लागेना. मामांचा चेहरा उतरला. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, यासाठीच तर केलंय हे सगळं. गच्चीवर प्रियांका आहे, ड्रोन आहेत. उलट आज खरी परीक्षा आणि तीही बातमी होईल अशी. भाषणात मी ते वाक्य घातलंसुद्धा, की मी तुमच्यासमोर इथं उभा आहे आणि तिकडं माझं जाळं माझ्याशिवाय काम करतंय. टाळ्या पडल्या.

ऐन भाषणात मॅडमचा फोन. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. आज सत्कार माझा आहे हे कुठून तरी कळलं असणार, अभिनंदन करायला एवढी घाई कशाला? तिसऱ्यांदा आला तेव्हा फोनच बंद करून टाकला. आता चालू करतो.

२४ सप्टेंबर

रस्ता बंद. मानवतच्या पुढं गाड्या सोडत नाहीत. मामा गाडीत डोळे मिटून बसलेत. मागच्या सीटवर हौशा.

२६ सप्टेंबर

काल गावात पोचलो. तानुबाई गेली.

प्रियांकानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. सकाळीच टॉवर गेला. ऊन होतं, वारा नव्हता, उडवायला याहून चांगला दिवस नाही. ओढ्याचं पाणी उलटं फिरायला लागलेलं गच्चीवरून दिसत होतं. तिनं पाचही ड्रोन मांडले आणि बटण दाबलं. पाचांचे हिरवे दिवे लागले. पंखे फिरले नाहीत. तिनं परत दाबलं. बॅटऱ्या काढून घातल्या. परत दाबलं. "एकमेकांशी बोलायले व्हते, सर. समदं बराबर दाखवायलं व्हतं. फकस्त उडना गेले."

मग तिनं उपग्रहावर निरोप टाकला, की उडत नाहीत, पहिल्याची वाट पाहायलेत, शब्द पाठवा. उपग्रहानं तो उचलला आणि कॉलेजच्या थाळीत आणून टाकला. अगदी ठरल्यासारखा. थाळीच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. मॅडम धरणाची बातमी ऐकून कॉलेजात आल्या होत्या. शिपायाला म्हणाल्या कुलूप तोड. शिपाई म्हणाला, सरांनी सांगितल्याशिवाय तोडता येणार नाही, सरांना फोन लावा. त्या फोनच लावत होत्या.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं की गच्चीवरून आखाडा दिसत होता का. प्रियांका म्हणाली, "दिसत व्हता. तानुमावशी बांधावर हुबी व्हती. पदर घिऊन, शाळंकडं तोंड करून. लय येळ हुबी व्हती, सर. म्या लुगडं हालवून सांगायले, निघ निघ. तिला वाटलं असंल म्या थांब म्हनायले."

बांध फुटला तेव्हा लिंबाजी बैल सोडत होता. हौशाच्या कासऱ्याला धरून तो बाभळीपर्यंत पोचला. तानुबाई दुसऱ्या दिवशी खालच्या गावात सापडली.

एक गोष्ट तांत्रिकदृष्ट्या नोंदवली पाहिजे. जाळं तुटलं नव्हतं. एकही दुवा तुटला नव्हता.

३० सप्टेंबर

चौकशीला जिल्ह्याहून अधिकारी आले होते. मामांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की जास्त खोलात जायचं नाही, गावाचं नाव खराब होतं. मी 'तांत्रिक बिघाड' असं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणता? मी म्हटलं, अनेक कारणं असू शकतात, ऑपरेटरचा अनुभवही कमी पडला असेल. ते खोटं नाही. प्रियांकाला अनुभव कमीच आहे. आता तिला बटणाला हात लावू देणार नाहीत म्हणे, फवारणीच्याही. हे मी सुचवलं नव्हतं.

मॅडमना वेगळं बोलावलं. दार उघडंच होतं, ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "ते बिघडलं नव्हतं. त्याला थांबायला शिकवलं होतं." अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणी? मॅडमनी दाराकडं पाहिलं. मी व्हरांड्यात उभा होतो. मला वाटलं आता नाव घेणार. त्या म्हणाल्या, "ते सांगायची पाळी त्यांची आहे." माझी पाळी होऊन गेली होती. अधिकाऱ्यांनाही परतायची घाई होती.

मॅडमनी राजीनामा दिलाय. मी मंजूर करू नये असं मला वाटत होतं. पण तसं म्हटलं तर का म्हणून विचारलं असतं.

६ ऑक्टोबर

काल तानुबाईची तेरवी झाली. काल जायचं धाडस झालं नाही, आज गेलो. लिंबाजी आता मामांच्या गोठ्यातच राहतो, हौशाजवळ. मी समोर बसलो. म्हटलं, झालं ते फार वाईट झालं. तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग म्हणाला, "तिला भ्या वाटलं व्हतं, सायेब. दिस उगवतानाच. म्हनली चला. चार डाव म्हनली. म्याच तिला गप केलं. म्हनलं, सायबानं सांगितलंय, इमान येईस्तोर हलायचं न्हाई. तू उगी भ्यायलीस."

तो मला एक शब्द वावगा बोलला नाही. सगळं स्वतःवर घेतलं. इथं खोटं लिहून उपयोग नाही: मला हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आणि लगेच उठून बाहेर यावंसं वाटलं.

मी उठलो तसा तो म्हणाला, "येवढंच सांगा, सायेब. इमान कामून आलं न्हाई?"

मी म्हटलं, तांत्रिक बिघाड होता. त्यानं मान हलवली. "मंग बिघाड व्हता," असं म्हणाला आणि बैलाला पेंढी टाकायला वळला. त्याला ते पुरलं. मला पुरलं नाही.

७ ऑक्टोबर

सकाळी कॉलेजच्या मैदानावर कोणी नसताना पाचही ड्रोन मांडले. आधी बटण दाबलं. हिरवे दिवे लागले, पंखे गप्प. पाचही जमिनीवर, एकमेकांना सांगतायत की तो अजून उठला नाही, तो अजून उठला नाही. मी बराच वेळ बघत राहिलो. तानुबाईनं किती वेळ बघितलं असेल?

मग ओळ काढली. परत दाबलं. बोट उचलायच्या आत पाचही वर होते. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. मैदानावर झाडणारी बाई येऊन विचारून गेली, सर, बरं वाटत नाही का.

संध्याकाळी मॅडमना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा नाही लावला.

राजेश्रीला सांगितलं की ओळ काढली. ती म्हणाली, बरं केलंत. आणि ताट वाढलं. आज पहिल्यांदा मला वाटलं की हिच्याशी आधी बोलायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

मामांनी घरी बोलावलं होतं. मंडळाचे दोघं होते, तालुक्याचे ते साहेबही. वातावरण मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं होतं. प्रकल्प बंद होणार नाही. उलट वाढणार. काठाच्या आणखी गावांत जाळं टाकायचं, ड्रोन दुप्पट करायचे, प्रमुख मीच. साहेब म्हणाले, अशा प्रसंगातूनच माणूस शिकतो. मी मान खाली घालून ऐकलं.

मग मामा म्हणाले की तानुबाईचं काहीतरी कायमचं झालं पाहिजे. ती त्यांच्या आखाड्यावरची, गावाच्या जिवाला लागलंय. पाडव्याला वेशीत कार्यक्रम घ्यायचा, लिंबाजीला शाल-श्रीफळ द्यायचं. आणि, "नागेशा, पुढच्या इमानाला तिचं नाव देऊ. हौशाचं काढ. मान तिला. ती पयली निघाली पायजे, बाकीच्यांनी मागून." सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. मामा मनातून बोलत होते.

मी म्हणालो, मामा, त्या पहिल्या-दुसऱ्याच्या भानगडीनंच... आणि थांबलो. सगळे माझ्याकडं बघत होते. साहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला होता. पुढचं बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं, बिघाड कोणता, कोणी केला, प्रियांकाचं काय. मामांनी विचारलं, काय म्हनलास? मी म्हटलं, काही नाही. चांगली कल्पना आहे. लिंबाजीला बरं वाटेल.

लिंबाजीला खरंच बरं वाटलं. गोठ्यातून बोलावून सांगितलं तर त्यानं सगळ्यांना हात जोडले, मला वाकून. जन्मभर ती कुठं पुढं चालली नाही म्हणाला, कायम सगळ्यांच्या मागं.

घरी आल्यावर राजेश्रीनं विचारलं, काय ठरलं. सांगितलं. ती आत जाऊन झोपली. आज वहीशी बोलायला सांगायलाही ती जागी नाही.

काम एका ओळीचंच होतं. जुनी ओळ कुठं होती ते ठाऊक होतं, नाव तेवढं बदललं.

तानुबाई उडाल्याशिवाय कोणी उडायचं नाही.